गाडी जुनी, एंजिन दुसरे

चार सिलिंडरांचे एंजिन काढून त्या जागी आठ सिलिंडरांचे बसवले, तर मोटारगाडी दुप्पट चांगली होईल काय?

प्रश्न सोपा वाटतो. एंजिन हे गाडीचे हृदय आहे, असे आपण म्हणतो. मग हृदय मोठे केले, की गाडी बलवान झालीच पाहिजे! पण एंजिन नुसती शक्ती देत नाही. त्याला वजन असते, लांबी-रुंदी असते. ते तापते, थरथरते, हवा ओढते आणि धूर सोडते. गाडीत एंजिन बसवायचे म्हणजे या साऱ्या गोष्टी गाडीच्या अंगावर घालायच्या. त्या तिला पेलतील की नाही, हा खरा प्रश्न आहे.

इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत जुन्या स्पोर्ट्स मोटारींचे शौकीन पुष्कळ आहेत. त्यांपैकी कित्येक जण घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, गाडीचे मूळ एंजिन उतरवून दुसरे बसवण्याचा उद्योग करतात. कोणाचा तो महिन्या-दोन महिन्यांत संपतो, कोणाची गाडी वर्षानुवर्षे टेकूंवरच उभी राहते. या उद्योगात पदार्थविज्ञानाचे बरेचसे पाठ्यपुस्तक दडलेले आहे. ते वाचण्यासाठी आपण एकच गाडी घेऊ. ती आहे इंग्लंडची एम. जी. बी.

एकच सांगाडा, तीन एंजिने

प्रयोगाचा एक साधा नियम तुम्हांला माहीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व बाकीच्या होता होईल तो तशाच ठेवाव्या. म्हणजे झालेला फरक कशामुळे झाला, ते कळते. एम. जी. बी. च्या बाबतीत असा प्रयोग जणू आपोआप घडून आला. त्याच सांगाड्यात कारखान्यानेच निरनिराळ्या काळी तीन प्रकारची एंजिने बसवली.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी १९६२ साली ही गाडी तयार होऊ लागली आणि १९८० पर्यंत होत राहिली. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिचे मूळ एंजिन चार सिलिंडरांचे, १७९८ घन सेंटिमीटर क्षमतेचे व सुमारे ९५ अश्वशक्तीचे होते. हे सगळे एंजिन बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. गाडी जास्तीत जास्त ताशी सुमारे १६५ कि.मी. वेगाने धावे. वळणावर ती शहाण्यासारखी वागे आणि चालकाच्या हाताला लगेच साथ देई. तिची कीर्ती झाली ती मुख्यतः याच गुणामुळे.

पुढे अधिक शक्ती हवी असे वाटू लागले. म्हणून १९६७ साली तिच्यात २९१२ घन सेंटिमीटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले एंजिन बसवण्यात आले. या गाडीचे नाव एम. जी. सी. अश्वशक्ती ९५ वरून एकदम १४५ वर गेली. पण हे एंजिनही बिडाचेच होते, आणि मूळ एंजिनापेक्षा सुमारे ९५ कि.ग्रॅ. ने जड. शिवाय ते लांब. त्याला जागा करून देण्यासाठी पुढच्या चाकांच्या स्प्रिंगांची सगळी रचना बदलावी लागली व बॉनेटला फुगवटा द्यावा लागला.

गाडी सरळ रस्त्यावर वेगाने पळे. मात्र वळण आले की तिचे नाक जड वाटे. चालकाने चाक वळवावे आणि गाडीने सरळच जाऊ पाहावे, अशी तक्रार त्या वेळच्या परीक्षकांनी केली. सुमारे नऊ हजार गाड्या बनवून १९६९ साली तिचे उत्पादन थांबले.

असे का झाले?

समजा, एका गाडीचे वजन ९२० कि.ग्रॅ. आहे आणि ते पुढच्या व मागच्या चाकांवर निम्मे-निम्मे, म्हणजे ४६०-४६० असे पडते. आता बरोबर पुढच्या आसावर ९५ कि.ग्रॅ. चे जादा वजन ठेवले. पुढे ५५५ झाले, मागे ४६० च राहिले. एकूण वजन १०१५. त्यातला जवळजवळ ५५ टक्के भाग आता पुढच्या चाकांवर आहे. गुरुत्वमध्य पुढे सरकला. वळताना याच पुढच्या टायरांना जास्त वस्तुमान बाजूला ढकलायचे असते. रस्त्याची पकड मात्र वजनाच्या प्रमाणात तितकी वाढत नाही. मग टायर थोडे घसरतात आणि गाडी वळणाच्या बाहेर जाऊ पाहते.

दुसरे कारण हाताने अनुभवता येते.

करून पाहा : हातभर लांबीची एक काठी घ्या. पाण्याने भरलेल्या दोन सारख्या बाटल्या काठीच्या मध्याजवळ, मुठीच्या दोन बाजूंना बांधा. काठी मध्यावर धरून मनगटाने झटपट डावी-उजवीकडे फिरवा. आता त्याच बाटल्या काठीच्या दोन टोकांना बांधा व पुन्हा फिरवा. वजन तेवढेच आहे, पण या वेळी मनगट कुरकुर करील! फिरण्याला होणारा हा विरोध वजनावर तर अवलंबून असतोच. त्याशिवाय ते वजन मध्यापासून किती लांब आहे यावरही अवलंबून असतो. अंतर दुप्पट झाले, तर विरोध चौपट होतो. यालाच निरूढी परिबल म्हणतात.

सहा सिलिंडरांचे लांब एंजिन म्हणजे काठीच्या टोकाला बांधलेली बाटली. वळणे म्हणजे गाडीने स्वतःभोवती थोडे फिरणेच. आणि ते फिरणे आता जड झाले.

टाकून दिलेले एंजिन

याच सुमारास एक वेगळीच कथा अटलांटिकच्या पलीकडे घडत होती. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या ब्यूइक विभागाने १९६१ साली आठ सिलिंडरांचे एक एंजिन काढले. क्षमता ३५२८ घन सेंटिमीटर. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याचा मुख्य ठोकळा व वरची झाकणे ॲल्युमिनियमची होती. दट्ट्या जेथे घासतो तेथे मात्र लोखंडाच्या नळ्या बसवलेल्या होत्या. एक घन सेंटिमीटर बिडाचे वजन सुमारे ७.२ ग्रॅम, तर तेवढ्याच ॲल्युमिनियमचे २.७ ग्रॅम. म्हणून हे मोठे एंजिनही अवघे १४४ कि.ग्रॅ. च्या आसपास भरे.

पण ॲल्युमिनियमचे ओतकाम त्या काळी महाग आणि कटकटीचे होते. तयार झालेल्या ठोकळ्यांतून गळती निघे. १९६३ मध्ये अमेरिकन कंपनीने या एंजिनाचे उत्पादन सोडून दिले. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट हे कामानिमित्त अमेरिकेत बोटींची एंजिने बनवणाऱ्या एका कंपनीत गेले असता त्यांना ते तेथे पडलेले दिसले. त्यांनी ते हेरले, आणि १९६५ साली रोव्हरने त्याचे हक्क विकत घेतले. पुढे सुमारे चार दशके ते रोव्हर, रेंज रोव्हर, मॉर्गन अशा गाड्यांत धावत राहिले.

आता आकाराकडे लक्ष द्या. आठ सिलिंडर एका ओळीत मांडले असते तर एंजिन फारच लांब झाले असते. पण येथे चार-चारांच्या दोन ओळी एकमेकींशी ९० अंशांचा कोन करून, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या मांडलेल्या आहेत. म्हणून लांबी साधारण चार सिलिंडरांच्या एंजिनाइतकीच भरते. वाढते ती रुंदी. वजनही एम. जी. बी. च्या मूळ बिडाच्या एंजिनाच्या जवळपासच. म्हणजे नाक जड न होता शक्ती वाढण्याची सोय झाली!

केन कॉस्टेलो या मोटारशर्यतींत भाग घेणाऱ्या इंग्रज गृहस्थाने हे ओळखले. १९७० च्या सुमारास त्याने आपल्या छोट्या कार्यशाळेत रोव्हरचे व्ही-८ एंजिन एम. जी. बी. मध्ये बसवले, आणि मग गिऱ्हाइकांसाठी तशा गाड्या बनवू लागला. मोठ्या कंपनीचेही तिकडे लक्ष गेले. १९७३ साली कारखान्याने स्वतःची एम. जी. बी. जी. टी. व्ही-८ बाजारात आणली. ती ताशी सुमारे २०० कि.मी. वेग गाठे. दुर्दैवाने त्याच वर्षाच्या अखेरीस जगावर तेलाचे संकट कोसळले व कच्च्या तेलाच्या किमती सुमारे चौपट झाल्या. १९७६ पर्यंत अवघ्या २५९१ गाड्या बनल्या. एवढ्या थोड्या गाड्या साऱ्यांना कशा पुरणार? म्हणूनच साधी एम. जी. बी. घेऊन तिच्यात घरीच व्ही-८ बसवण्याची प्रथा पडली, आणि ती आजही चालू आहे.

घरच्या गॅरेजमध्ये

हे काम कसे चालते ते पाहू. पहिले हत्यार पाना नव्हे, तर मोजपट्टी. जाणते लोक प्रथम आतले भाग काढलेला रिकामा ठोकळा मिळवतात. तो हलका असल्याने पुन्हा पुन्हा आत-बाहेर करून पाहता येतो. बॉनेट एंजिनाला लागते का, हे कसे बघायचे? बॉनेट बंद केले की आतले काही दिसत नाही. यावर युक्ती सोपी आहे. एंजिनाच्या उंच भागांवर मातीचे किंवा मेणाचे गोळे ठेवायचे, बॉनेट हळूच बंद करायचे आणि उघडायचे. गोळा दबून जितका जाड उरला, तितकी जागा! कॉस्टेलोने बॉनेटलाच फुगवटा दिला होता. कारखान्याच्या तंत्रज्ञांनी मात्र कार्ब्युरेटर एंजिनाच्या मागच्या बाजूला नेले व बॉनेट सपाटच ठेवले.

मग प्रश्न येतो एंजिन टेकवण्याचा. ते चासीवर थेट आवळत नाहीत. मध्ये रबराच्या जाड गाद्या देतात. याला दोन कारणे आहेत. एक तर रबर थरथर गिळते. दुसरे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे. एंजिन चाकांकडे जाणारा दांडा एका दिशेने पिळते, तेव्हा ते स्वतः उलट दिशेने पिळले जाते. जोर वाढला की हा उलटा पीळही वाढतो, म्हणून टेकूही तसेच भक्कम लागतात. थरथरीच्या बाबतीत व्ही-८ सौम्य असते. चार सिलिंडरांच्या एंजिनात मुख्य दांड्याच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, आठ सिलिंडरांत दर पाव फेऱ्याला. धक्के लहान आणि जवळजवळ आल्याने ते एकसंध वाटतात.

त्यानंतर एंजिन व गिअरपेटी जोडणे. दोहोंचे दांडे अगदी एका रेषेत यावे लागतात. केसभर चूकही चालत नाही. बेअरिंगे लवकर झिजतात. आणखी एक अडचण म्हणजे रुंदी. व्ही आकारामुळे धूर नेणाऱ्या नळ्या दोन्ही बाजूंनी निघतात, आणि एका बाजूला स्टिअरिंगचा दांडा खाली उतरत असतो. या नळ्या अतिशय तापतात. त्या दांड्याला, ब्रेकच्या नळीला किंवा वायरीला खेटून गेल्या, तर घात ठरलेला. १९९३ साली याच वंशातील आर. व्ही. ८ ही गाडी निघाली, तेव्हा या नळ्या चाकावरच्या आतल्या पत्र्याला भोक पाडून बाहेरून नेल्या होत्या. हौशी मंडळींनीही ती रीत उचलली.

जोर किती वाढला?

आता थोडे गणित करू. मूळ एंजिनाचा पिळण्याचा जोर, म्हणजे परिबल, जास्तीत जास्त सुमारे १४९ न्यूटन-मीटर होते. कारखान्याच्या व्ही-८ चे २६२. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. पण गंमत पुढेच आहे. मागच्या आसावरील दंतचक्रे मूळ गाडीत एंजिनाचे ३.९ फेरे झाले की चाकाचा एक फेरा करत (वरचा गिअर असताना). व्ही-८ मध्ये हे प्रमाण ३.०७ केले.

चाकांना मिळणारे परिबल काढू :

मूळ गाडी : १४९ × ३.९ = सुमारे ५८१
व्ही-८ : २६२ × ३.०७ = सुमारे ८०४

म्हणजे चाकांवरचा जोर ३८ टक्क्यांनी वाढला. आणि त्याच वेळी एंजिनाचे फेरे कमी झाले. ज्या वेगाला जुने एंजिन मिनिटाला ३००० फेरे करी, त्याच वेगाला नवे सुमारे २३६० च करते. ते आरामात चालते. घरी एंजिन बदलणाऱ्याने आसावरील जुनीच दंतचक्रे ठेवली, तर गाडी झटक्याने सुटेल खरी. पण हमरस्त्यावर एंजिन उगाच किंचाळत राहील.

उष्णता कोठे जाणार?

पेट्रोलमधील उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला शीतनाच्या पाण्याला द्यावा लागतो. व्ही-८ ची अश्वशक्ती १३७, म्हणजे सुमारे १०२ किलोवॉट. पूर्ण शक्तीने चालताना जवळजवळ तेवढीच उष्णता रेडिएटरने हवेत टाकायची. आपल्या घरचा पाणी तापवण्याचा गीझर बहुधा २ किलोवॉटचा असतो. असे पन्नास गीझर एकदम चालू केल्यावर जी उष्णता निघेल, तेवढी ही! म्हणून कारखान्याने रेडिएटर पुढे सरकवला व विजेचे दोन पंखे बसवले. जुनाच लहान रेडिएटर ठेवणाऱ्याची गाडी वाहतुकीत अडकली की उकळू लागते.

ॲल्युमिनियमचे आणखी एक दुखणे आहे. ॲल्युमिनियम आणि लोखंड शेजारी-शेजारी व मध्ये क्षार असलेले पाणी, ही तर विद्युत घटाचीच रचना झाली. त्यात ॲल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. म्हणून अशा एंजिनात नळाचे साधे पाणी न घालता गंजरोधक द्रव मिसळलेले पाणी घालतात.

थांबण्याचा हिशेब

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. एंजिन बदलणारे बहुतेक जण पळण्याचा विचार आधी करतात, थांबण्याचा नंतर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १६५ ऐवजी २०० कि.मी. वेग असला, तर वेग सुमारे २१ टक्क्यांनीच वाढतो. पण ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा ४७ टक्क्यांनी वाढते. ती सगळी उष्णता होऊन ब्रेकच्या तबकड्यांत उतरते. त्यासाठी व्ही-८ ला पुढे अधिक जाड तबकड्या दिल्या होत्या. घरच्या गॅरेजमध्ये शक्ती वाढवून ब्रेक मात्र जुनेच ठेवले, तर त्याची किंमत रस्त्यावरून जाणारा दुसराच कोणी मोजतो.

कामाच्या जागीही धोके असतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम लोखंडी टेकू हवेतच. साखळीच्या कप्पीला टांगलेल्या एंजिनाखाली हात किंवा पाय नेऊ नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते व लांबच्या ठिणगीनेही पेटते. बंद खोलीत एंजिन चालवणे तर जिवावरचा खेळ आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही.

आपल्याकडे काय?

एम. जी. बी. चे चार सिलिंडरांचे एंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले १४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन आपल्या ॲम्बॅसडर गाडीत वर्षानुवर्षे होते. आपल्या रस्त्यांवरच्या टॅक्सी आणि त्या स्पोर्ट्स गाड्या नात्याने चुलत भावंडेच म्हणायची! ॲम्बॅसडरमध्येही कारखान्याने पुढे एंजिने बदलली. आधी डिझेल, मग १९९० च्या दशकात इसुझूच्या आराखड्याचे १८१७ घन सेंटिमीटरचे. २०१४ साली त्या गाडीचे उत्पादन थांबले.

मात्र आपल्या देशात मनात आले आणि एंजिन बदलले, असे करता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी न जुळणारा बदल करण्यास मनाई आहे; एंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्यांची संमती लागते. ब्रिटनमध्येही नव्या एंजिनाची नोंद करून घ्यावी लागते. वर पाहिलेले ब्रेकचे गणित ध्यानात घेतले, की असे नियम का असतात ते समजते.

आता जुन्या गाड्यांत विजेची मोटर बसवण्याचे युग आले आहे. एम. जी. बी. मध्येही तशा मोटरी बसू लागल्या आहेत. भारतात अशा जोडसंचांची चाचणी व मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यात आहे. ती म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. विजेच्या मोटरीला धूर नाही, तिची उष्णताही कमी. पण बॅटऱ्यांचे वजन असते, आणि ते कोठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहतोच. सगळ्या बॅटऱ्या पुढे कोंबल्या तर पुन्हा तीच एम. जी. सी. तयार होईल!

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. सहा सिलिंडरांनी गाडीची चाल बिघडवली आणि आठांनी ती राखली. फरक सिलिंडरांच्या संख्येत नव्हता. तो वजनात, लांबीत आणि त्या वजनाच्या जागेत होता. शिवाय आठ सिलिंडर पचवण्यासाठी गाडीची दंतचक्रे, रेडिएटर आणि ब्रेकही बदलावे लागले.

तुमच्या गावात एखादे जुने गॅरेज असेल, तर तेथील मिस्तरींना भेटा. बिडाचा व ॲल्युमिनियमचा एकेक जुना सुटा भाग मागून घ्या. दोहोंचे वजन करा. मग काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवून सांडलेल्या पाण्यावरून आकारमान काढा आणि घनता मोजा. आर्किमिडीजच्या तत्त्वाचा हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही सहज होईल. ब्यूइकने टाकून दिलेले ते एंजिन रोव्हरला का मोलाचे वाटले, ते तुमच्या वहीतले दोन आकडेच सांगतील.